मोगल मोहरांचा संग्रह: नवख्या संग्राहकांसाठी मार्गदर्शन

मोगलांची सोन्याची मोहोर बाजारात दोन भावांनी विकली जाते. एक भाव सोन्याचा असतो आणि तो वजनकाट्यावर ठरतो. दुसरा भाव नाण्याचा असतो आणि मोहोरेवरील बादशाह, टाकसाळ आणि साल ज्याला वाचता येते त्यालाच तो कळतो. नवखा संग्राहक पैसे दुसऱ्या भावाने मोजतो आणि पुष्कळदा माल पहिल्या भावाचा घरी आणतो. म्हणून या लेखात खरेदीचा विषय बराच पुढे येईल. त्याआधी संग्रहाची कक्षा, वाचन आणि परीक्षा या तीन गोष्टी नीट समजून घेतलेल्या बऱ्या.

संग्रहाची कक्षा आधी ठरवावी

मोगल सत्तेचा काळ १५२६ ते १८५७ असा मोठा असला, तरी मोहरांची अखंड मालिका अकबरापासून सुरू होते. बाबर आणि हुमायून यांची नाणी प्रामुख्याने मध्य आशियाई धर्तीची, पातळ चांदीची आहेत. हुमायूनच्या नावाची चिमुकली सोन्याची नाणी मिळतात. परंतु त्यांवर बहुधा साल नसते आणि अक्षरेही अपुरी असतात, त्यामुळे ती नवशिक्याच्या उपयोगाची नाहीत.

मोगल मोहोर म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर जहांगीरच्या राशीचक्राच्या मोहरा येतात. नाण्यावर आपल्या नावाऐवजी त्या त्या महिन्याची रास कोरावी ही कल्पना जहांगीरने स्वतःच्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. हातात मद्याचा प्याला घेतलेल्या बादशाहाची प्रतिमा असलेल्या त्याच्याच मोहरा, असीरगड जिंकल्याच्या स्मरणार्थ अकबराने पाडलेली ससाण्याची मोहोर आणि राम-सीतेची आकृती असलेली अकबराची अर्धी मोहोर ही याच पंगतीतली नाणी. यांपैकी बहुतेक संग्रहालयांत किंवा जुन्या मोठ्या संग्रहांत आहेत, आणि नेमक्या याच नाण्यांच्या नकला सर्वाधिक झाल्या आहेत. राशीच्या मोहरांच्या नकला तर अलीकडच्याच नव्हेत, फार पूर्वीपासून केल्या गेल्या. एखाद्या अनोळखी माणसाने सिंह राशीची मोहोर स्वस्तात देऊ केली, तर ती तपासण्यातही वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवख्याने औरंगजेब किंवा मुहम्मद शाह यांच्या मोहरांपासून सुरुवात करावी. त्या तुलनेने अधिक संख्येने उपलब्ध आहेत, लिलावांत वरचेवर येतात आणि त्यामुळे किमतीची तुलना करता येते. मराठी वाचकाला त्यातही दख्खनच्या टाकसाळींचा उपसंग्रह करणे विशेष रंजक वाटेल. औरंगजेब १६८१ पासून १७०७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, दख्खनेत अडकून पडला. एवढ्या प्रदीर्घ मोहिमेचा खर्च भागवण्यासाठी या भागातील टाकसाळी सतत चालू होत्या. औरंगाबादची नाणी आधी त्याच नावाने आणि पुढे ‘खुजिस्ता बुनियाद’ या बिरुदाने पाडली गेली. बुऱ्हाणपूरला ‘दार-उस्-सुरूर’ आणि विजापूरला ‘दार-उझ्-झफर’ म्हटले जाई. सोलापूर, अहमदनगर आणि दौलताबाद ही नावेही नाण्यांवर आहेत.

दुर्मिळतेचा बादशाहाच्या प्रसिद्धीशी फारसा संबंध नसतो, हे याच टप्प्यावर ध्यानात घ्यावे. औरंगजेबाची सुरत टाकसाळीची मोहोर सहज मिळू शकते, तर त्याच बादशाहाची एखाद्या लहान टाकसाळीची, एखाद्याच सालाची मोहोर वर्षानुवर्षे दिसत नाही. ज्यांची कारकीर्द औट घटकेची ठरली, त्यांची नाणीही तशीच विरळ असतात. १७०७ च्या मार्चमध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझम शाह याने तिथेच स्वतःला बादशाह म्हणवून घेतले आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो जाजऊच्या लढाईत मारला गेला. या मोजक्या महिन्यांत बुऱ्हाणपूर आणि खुजिस्ता बुनियादसारख्या टाकसाळींनी त्याच्या नावाने नाणी पाडली. त्याचा भाऊ कामबख्श याची १७०८-०९ मधील हैदराबाद आणि विजापूरची नाणीही याच प्रकारची. अशा नाण्यांसाठी जास्त पैसे मोजण्यात गैर काही नाही, परंतु नाव आणि टाकसाळ दोन्ही नाण्यावर स्पष्ट वाचता आली पाहिजेत.

वाचन: रुपयावर हात बसवावा

फारसी येत नाही म्हणून कोणी मागे हटू नये. मोगल नाण्यांवरचा मजकूर साचेबंद आहे. वीस-पंचवीस शब्दांच्या आकृती डोळ्यांत बसल्या की औरंगजेबापासून पुढची बहुतांश नाणी लावता येतात. या अभ्यासासाठी सोने विकत घेण्याची गरज नाही. औरंगजेबाचे किंवा मुहम्मद शाहचे चांदीचे रुपये मोहरांच्या मानाने अगदी थोड्या पैशांत मिळतात आणि त्यांवरची रचना जवळपास तीच असते. अशा काही रुपयांवर आधी हात बसवावा आणि मगच मोहोरेकडे वळावे. पुढचा सगळा खटाटोप त्यामुळे निम्म्यावर येतो.

उदाहरणादाखल औरंगजेबाची मोहोर घेऊ. दर्शनी बाजूला एक फारसी द्विपदी असते: ‘सिक्का जद दर जहान चू मेहर-ए-मुनीर, शाह औरंगजेब आलमगीर’. शाह औरंगजेब आलमगीर याने तेजस्वी सूर्याप्रमाणे जगात नाणे पाडले, असा तिचा अर्थ. चांदीच्या रुपयावर ‘मेहर’च्या जागी ‘बद्र’, म्हणजे पूर्णचंद्र, हा शब्द येतो. हा फरक संग्राहकाच्या फार कामाचा आहे. सोन्याच्या नाण्यावर ‘बद्र’ दिसले तर तिथे थबकावे, कारण रुपयाच्या साच्यावरून बनवलेली नकल हाती आलेली असण्याची शक्यता असते. दुसरी खूण कलम्याची, म्हणजे इस्लामच्या श्रद्धावचनाची. अकबराच्या आरंभीच्या आणि शाहजहानच्या नाण्यांवर कलमा असतो. औरंगजेबाने राज्यावर येताच तो नाण्यांवरून काढून टाकला. त्यामुळे औरंगजेबाच्या नावाच्या मोहोरेवर कलमा असेल, तर विक्रेत्याला पुढचा प्रश्न विचारण्याचेही कारण उरत नाही.

मागील बाजूला ‘सनह जुलूस मैमनत मानूस’ हे शब्द, राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष (जुलूस वर्ष), ‘जर्ब’ (पाडले) हा शब्द आणि टाकसाळीचे नाव असते. पहिले वर्ष आकड्यात न लिहिता ‘अहद’ या शब्दाने दाखवतात. मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा असला, तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे असतात. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे नुसते टिंब; सात आणि आठ हे एकमेकांचे उलटे कोन; आणि दोन व तीन यांच्यात फरक असतो तो वरच्या एका दात्याचा. झिजलेल्या नाण्यावर हा दाता गेला की तीनाचे दोन होतात. शून्याचे टिंब तर भोवतीच्या नक्षीच्या ठिपक्यांत सहज हरवते.

म्हणूनच एका नाण्यावरची दोन साले, हिजरी आणि जुलूस, एकमेकांशी ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. हिजरी सालाचे इसवी साल काढण्यासाठी हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावे. ११०० हिजरी म्हणजे सुमारे १६८९. औरंगजेबाची जुलूस वर्षे १०६८ हिजरीच्या रमजान महिन्यापासून मोजली जातात, त्यामुळे ११०० हिजरीच्या नाण्यावर ३२ किंवा ३३ यांपैकीच एक जुलूस वर्ष असायला हवे. रमजानपूर्वीचे असेल तर ३२ आणि रमजान लागल्यावर पाडलेले असेल तर ३३. ११०० सालासोबत २७ किंवा ४१ असा आकडा दिसला, तर एकतर वाचन चुकले आहे किंवा नाण्यातच काहीतरी गडबड आहे. क्वचित टाकसाळीतच जुना साचा पुन्हा वापरला गेलेला असे, पण तो निष्कर्ष शेवटी काढावा, आधी नाही.

या वाचनात एक अडचण नेहमी येते. मोगल नाणी हाताने, घणाचा घाव घालून पाडलेली आहेत आणि साचा बहुधा सोन्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटतो आणि टाकसाळीचे नाव किंवा साल काठाबाहेर गेलेले असते. बादशाह, टाकसाळ आणि दोन्ही साले स्पष्ट असलेली मोहोर ही साल तुटलेल्या चकचकीत मोहोरेपेक्षा नेहमीच अधिक किमतीची ठरते. अकबराच्या इलाही नाण्यांवर तर हिजरीऐवजी त्याने सुरू केलेले इलाही साल आणि फर्वर्दीन, अर्दीबहिश्त, खुर्दाद असे इराणी महिने येतात. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि त्याला पहिल्या वर्षी हात घालू नये.

कंपनीच्या मोहरांची गफलत

शाह आलम दुसरा याच्या नावाची आणि मुर्शिदाबाद टाकसाळ लिहिलेली, १९ या जुलूस वर्षाची मोहोर बाजारात बरीच दिसते. ती मोगल नाणे म्हणून विकली जाते, पण पाडलेली आहे ईस्ट इंडिया कंपनीने. कंपनीने बादशाहाचे नाव, टाकसाळ आणि साल गोठवून ठेवले आणि तेच नाणे पुढे अनेक दशके कलकत्त्यात यंत्रावर पाडत राहिली. पश्चिमेकडे ‘सुरत ४६ सन’ या मजकुराची नाणी अशीच निघाली. ओळखण्याची खूण सोपी आहे: कड पाहावी. एकसारख्या तिरप्या किंवा उभ्या दातेरी रेघा असलेली कड, काटेकोर गोलाई आणि दोन्ही बाजूंनी सारखा उमटलेला ठसा हे यंत्राचे काम असते. मुर्शिदाबाद लिहिलेल्या मोहोरेचे वजनही वेगळे, १२ ग्रॅमच्या वर. या मोहरा खऱ्या सोन्याच्या आणि आपल्या परीने संग्राह्य आहेत; फक्त त्या मोगल टाकसाळीच्या म्हणून, दुर्मिळतेच्या भावाने घेऊ नयेत.

वजन, कस आणि काठ

मोगल मोहोरेचे प्रमाण वजन १०.९ ग्रॅमच्या आसपास आहे. वापरात झिजलेली मोहोर १०.७ पर्यंत उतरू शकते. जहांगीरने कारकीर्दीच्या पहिल्या काही वर्षांत जाणीवपूर्वक जड नाणी पाडली, तो अपवाद वगळला, तर ११.२ किंवा १०.२ ग्रॅमची मोहोर संशयास्पद मानावी. मोगल टाकसाळींचे सोने जवळजवळ शुद्ध असे. त्यामुळे बावीस कॅरेटची ‘मोगल’ मोहोर ही पुढच्या काळातल्या सोनाराची कारागिरी असण्याचाच संभव अधिक.

कस पाहण्यासाठी नाणे कसोटीवर घासू देऊ नये, काठाला कानस तर मुळीच लावू देऊ नये. सराफाकडच्या कॅरेट मीटरवर इजा न करता अंदाज मिळतो, मात्र ते यंत्र वरच्या थराचाच कस सांगते. घरी करता येण्याजोगी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची, म्हणजे पाण्याच्या तुलनेत धातू किती जड आहे हे पाहण्याची आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा आणि नाणे आधी हवेत तोलावे. मग बारीक दोऱ्याने बांधून, तळाला किंवा बाजूला न टेकवता, पाण्यात लोंबकळत ठेवून तोलावे. समजा हवेतले वजन १०.९५ आणि पाण्यातले १०.३७ आले. फरक ०.५८, १०.९५ ला ०.५८ ने भागले की १८.९ मिळतात. शुद्ध सोन्याचा आकडा १९.३ आहे आणि बावीस कॅरेटचा साधारण साडेसतरा ते पावणेअठरा. घरगुती काट्यावर ०.०१ ग्रॅमच्या चुकीनेही उत्तर ०.३ ने हलते, म्हणून तीन-चारदा तोलून सरासरी काढावी. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही आकडा खाली आणतो. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असते, हेही विसरू नये. ही परीक्षा खोटे नाणे नाकारण्यासाठी आहे, खरे ठरवण्यासाठी ती एकटी पुरेशी नाही.

यानंतर भिंगाखाली काठ पाहावा. आपल्याकडे पुतळ्यांच्या माळेप्रमाणेच मोहराही गळ्यात घालण्याची रीत होती आणि त्यासाठी काठाला कडी झाळली जाई. कडी काढून तो भाग घासला, तरी खूण राहतेच: नाण्याच्या माथ्यावर काठाचा लहानसा तुकडा इतरांपेक्षा गुळगुळीत, थोडा सपाट आणि झाळेमुळे रंगाने किंचित फिका दिसतो. पृष्ठभागावर आरपार भोक पाडून बुजवलेले असेल, तर त्या जागची अक्षरे हाताने पुन्हा कोरलेली असतात आणि त्यांच्या कडा मूळ अक्षरांसारख्या उभारलेल्या नसतात. अशा मोहोरेची किंमत बरीच उतरते. ती घेऊ नये असे नाही; उलट अभ्यासासाठी ती स्वस्तात मिळते. जुन्या सराफांनी सोने तपासण्यासाठी मारलेली लहान टाच (ठोकून केलेली खूण) मात्र वेगळी. ती नाणे चलनात फिरल्याची साक्ष आहे आणि चेहऱ्यावरचा मजकूर बिघडला नसेल तर मला तिचे वावडे वाटत नाही.

नकलांचे दोन मुख्य प्रकार आढळतात. ओतीव नकलेत पृष्ठभागावर बारीक छिद्रे किंवा फोड दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ असतात आणि काठावर जोडाची पुसट रेघ सापडते. नवीन साचा कोरून खऱ्या सोन्यावर पाडलेली नकल अधिक घातक, कारण वजन, कस सगळे बरोबर येते. तिथे अक्षरांचे वळणच पाहावे लागते. मोगल टाकसाळींत साचे कोरणारे नस्तालिक या फारसी लेखनशैलीत मुरलेले असत. अकबराने १५७७ च्या सुमारास फतेहपूर सिक्रीच्या टाकसाळीचा कारभार सोपवला तोही चित्रकार आणि सुलेखनकार ख्वाजा अब्दुस्समद याच्याकडे. फारसी न जाणणारा नकलकार टिंबे भलतीकडे टाकतो, अक्षरे जोडू नयेत तिथे जोडतो आणि पूर्ण मजकूर नाण्यावर बसवण्याच्या मोहात पडतो. एकाच विक्रेत्याकडे अगदी एकाच ठिकाणी एकच ओरखडा असलेली दोन नाणी दिसली, तर दोन्ही एका साच्यातून ओतलेली आहेत, हे नक्की समजावे.

खरेदी आणि कायदा

डोळा तयार व्हायला खरी नाणी पाहावी लागतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे मौद्रिक संग्रहालय, तसेच नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय ही आपल्याजवळची ठिकाणे. मुंबई-पुण्यातील नाणी प्रदर्शनांत जुने संग्राहक भेटतात. आपले पहिले नाणे त्यांच्यापैकी दोघांना दाखवल्याशिवाय पक्के करू नये.

पहिली मोहोर शक्यतो प्रतिष्ठित लिलावगृहाच्या लिलावातून किंवा जुन्या, बिल देणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यावी. लिलावात बोली जिथे थांबते त्या रकमेवर खरेदीदाराचे शुल्क आणि कर चढतात, म्हणून आपली कमाल बोली त्यांसह मोजून आधीच कागदावर लिहून ठेवावी. कॅटलॉगमध्ये ‘केएम’ (क्राउझे-मिश्लर) पुढे असलेला क्रमांक त्या प्रमाण सूचीतील प्रकार दाखवतो. त्यापुढची ‘दुर्मिळ’, ‘अतिदुर्मिळ’ ही विशेषणे विक्रेत्याची असतात. त्याच टाकसाळीची आणि आसपासच्या सालांची मोहोर मागील लिलावांत किती वेळा आली आणि कितीला गेली, हे पाहिल्यावर त्या विशेषणांचे वजन कळते. श्रेणी ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून दिलेली नाणी हल्ली पुष्कळ येतात. खरेपणाच्या दृष्टीने त्यांचा आधार मिळतो, तरी डबीवर छापलेले साल स्वतः वाचून पाहावेच. दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने बंदी आहे. व्यवहार बँकेमार्फत करावा, बिलावर नाण्याचे वर्णन आणि वजन लिहून घ्यावे.

‘शेतात नांगरताना सापडली’ अशी कहाणी सांगून मोहोर दाखवणाऱ्याला तिथूनच नमस्कार करावा. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडताच जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवता विकलेले खरे नाणे घेणारा अडचणीत येतो. आणि अशा कहाण्यांमागची बहुतेक नाणी खरी नसतातच.

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांपूर्वीचे कोणतेही नाणे पुरावशेष ठरते. भारतात ते बाळगण्यास आणि रीतसर विकत घेण्यास आडकाठी नाही. पुरावशेषांचा व्यापार करण्यासाठी मात्र परवाना लागतो, आणि देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या संस्थेखेरीज कोणालाही नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. आजीच्या माळेतली मोहोर अंगावर घालून नेली तरी ती निर्यातच ठरते. ज्यांना परदेशात संग्रह करायचा आहे, त्यांनी तिथल्याच लिलावातून, पूर्वीच्या मालकीचा लेखी इतिहास असलेले नाणे घ्यावे आणि ते भारतात आणायचे असल्यास विमानतळावर जाहीर करावे.

जपणूक आणि नोंदवही

सोने गंजत नाही, पण ते मऊ असते. मोहोर काठानेच धरावी, खाली मऊ कापड असावे. ब्रश, रिठे, सोनाराचे आम्लाचे पाणी यांपैकी कशानेही ती उजळू नये. घासलेल्या नाण्याची जुनी झिलई परत येत नाही आणि जाणकार खरेदीदार ते पहिल्या नजरेत ओळखतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नयेत, कारण कालांतराने त्यांतून चिकट द्रव सुटतो. मायलरची पाकिटे किंवा आम्लरहित कागद वापरावा आणि संग्रह बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा.

प्रत्येक नाण्यासाठी नोंदवहीत एक पान राखावे: दोन्ही बाजूंची आणि काठाची छायाचित्रे, वजन, व्यास, वाचलेला मजकूर, बादशाह, टाकसाळ, दोन्ही साले, कोणाकडून व कधी घेतले, बिलाची प्रत. वाचनात शंका असेल तर तीही तिथेच लिहावी. या वहीची एक प्रत घरातल्या एखाद्या माणसाकडे, नाण्यांपासून वेगळी ठेवावी. वारसांच्या हाती नुसती मोहोर पडली, तर ती जवळच्या सराफाकडे सोन्याच्या भावाने जाते आणि वितळते.